पाटी नसलेली कचेरी

२७ मे १७९३, सोमवार

आज मी विणकामाची खोली भाड्यानं दिली. आधी एल्स्पेटला विचारायला हवं होतं. पण एल्स्पेटला विचारायचं म्हणजे तिचं उत्तर संपेपर्यंत भाडेकरू म्हातारा व्हायचा.

त्यांचं नाव एनॉक व्हेदरबी. फिलाडेल्फियाचे, म्हणजे राजधानीचे. वय पन्नाशीच्या आतबाहेर. डोळ्यांवर चष्मा, अंगात रेशमी जाकीट, आणि खेचर असं की ते यांचं एक ऐकत नाही. दारात टोपी काढून म्हणाले, "पॅटनबाई, रस्त्याकडे तोंड असलेली, स्वतंत्र दाराची खोली हवी. मी मोजमापाच्या खात्यात आहे."

मोजमाप म्हणजे वजनकाटे असणार, असं धरून मी होकार दिला. सही झाली, ताकाचा दुसरा पेला झाला, तेव्हा कळलं की हे भट्ट्या मोजणार. व्हिस्कीच्या भट्ट्या. मध्यवर्ती सरकारनं बसवलेल्या करासाठी.

सही खोडता आली असती. शाई ओली होती. का खोडली नाही, ते निदान इथं तरी खरं लिहावं. माझा नवरा अँड्र्यू गेल्यापासून त्या खोलीतला माग बंद आहे. दोन हिवाळे झाले. भिंतीपलीकडून नुसतं कुणी खोकलं तरी चालेल, इथवर मी आले होते. व्हेदरबीसाहेब खोकतात. मी एवढंच पाहिलं आणि सही केली.

२९ मे

सकाळीच ओढ्यापलीकडून एल्स्पेट आणि तिचा नवरा मर्डो आले. मर्डो मॅकिल्व्हेन म्हणजे स्लेट रन खोऱ्याचा लोहार, चर्चचा पंच आणि आता आमच्या लोकमंडळाचा अध्यक्ष. फिलाडेल्फियाच्या खजिनामंत्र्यानं काही केलं की मंडळ त्याविरुद्ध ठराव करतं. खजिनामंत्री बराच कामसू असावा. ठराव फार होतात.

"ग्रिझेलवहिनी," मर्डो उभ्याउभ्याच म्हणाला, "या माणसाला खोऱ्यात कुणी गोठ्यात उभं केलं नाही, आणि तू आख्खी खोली दिलीस?"

"त्याच्या खेचराला गोठा दिलाय."

"थट्टा नको. कायदा काय सांगतो? जून महिन्यात प्रत्येकानं आपली भट्टी सरकारी कचेरीत नोंदवायची. नोंद नाही केली की दंड, आणि खटला डोंगर ओलांडून फिलाडेल्फियाला. पण कचेरीच नसेल तर नोंदवायचं कुठं? आजवर आपण सगळे त्या एका 'नसेल'वर तरलोय, बाई!"

एवढं मला माहीत नव्हतं. आश्चर्य म्हणजे एल्स्पेटनं मर्डोला मध्ये तोडलं नाही. लग्नाच्या दिवसापासून मी तिला ओळखते. तिनं वाक्य अर्धं सोडलेलं मला आठवत नाही. ती फक्त व्हेदरबीसाहेबांना म्हणाली, "पाटी कुठं लावणार?"

"दर्शनी बाजूला, ठळक अक्षरांत," ते आनंदानं म्हणाले. कुणीतरी चौकशी केली याचंच त्यांना कौतुक. "कायद्यात तसं कलमच आहे. पाटी नसेल तर कचेरी उघडली असं मानलं जात नाही."

"अस्सं," एल्स्पेट म्हणाली.

जाताना मर्डो कुंपणापाशी थांबला. माझ्या शेताकडे पाहत म्हणाला, "राय छान आलीय यंदा. सावडीचा विचार कर, वहिनी."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. राय हे आमचं भाकरीचं धान्य, जुलैत पिकतं, आणि इथं एकट्यादुकट्याचं शेत कधी कुणी एकट्यानं कापलेलं नाही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. सावडीला कुणी आलं नाही तर दाणे शेतातच झडतील, आणि हिवाळा मी काय खाऊन काढायचा?

३ जून

पाटी लागली. साहेबांनी स्वतः रंगवली, जीभ ओठाबाहेर काढून, लहान मुलासारखी. अक्रोडाची फळी, सोनेरी अक्षरं: 'कर निरीक्षण कचेरी'. दिसते मात्र देखणी.

दिवसभरात कुणी आलं नाही. साहेब टेबलामागे ताठ बसून राहिले. दुपारी माझी कोंबडी आत गेली, तिच्याशी फार अदबीनं बोलत होते.

४ जून

पाटी गेली. खिळ्यांसकट.

७ जून

नवी पाटी. ती बघायला संध्याकाळी मर्डो आला. तो साहेबांना हाकलायला आला होता, पण खारवलेलं मांस चुलीवर होतं, मग बसला.

मग दोघांची जी जुंपली! मर्डो म्हणाला, "ती राष्ट्रीय बँक काढलीत, तो अधिकार घटनेत कुठं लिहिलाय? बोट ठेवून दाखवा. लिहिलेलं नाही ते करायचं नाही, संपलं."

साहेब म्हणाले, "पॅटनबाईंनी तुम्हाला जेवायला बस म्हटलं. चमचा देईन असं म्हटलं होतं का? तरी तुमच्या हातात चमचा आहे. जेवण आलं की चमचा आलाच. राज्य आलं की बँक आली."

"आज चमचा, उद्या त्याच हातानं माझ्या खिशात शिराल!"

मी हसत होते, तेवढ्यात मर्डोनं चमचा खाली ठेवला. आवाज एकदम उतरला. "स्वातंत्र्याच्या युद्धात पगाराऐवजी मला आणि अँड्र्यूला 'पैसे नंतर देऊ' असे सरकारी कागद मिळाले. कागद शिजत नाही, साहेब. तुमच्या गावच्या दलालाला आम्ही ते मातीमोल विकले. आता सरकार त्या दलालाला पुरेपूर पैसे देणार, आणि ते काढणार कुठून? माझ्या भट्टीतून. हे कुठल्या चमच्यानं गिळू, तेवढं सांगा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण सरकारनं आज शब्द मोडला, तर पुढच्या युद्धात अँड्र्यूसारख्याला कुणी कागदसुद्धा देणार नाही."

मला दोघांचं पटलं. तसं मी म्हटलंही. साहेब मध्यवर्ती सरकारच्या बाजूचे, म्हणजे फेडरलवाले, मर्डो त्याच्या विरोधातला, म्हणजे रिपब्लिकन, मग माझ्यासारखीला काय म्हणतात?

"भाबडी," मर्डो म्हणाला, आणि दुसऱ्यांदा मांस वाढून घेतलं.

८ जून

पाटी गेली. साहेब खेचरावर बसून चोर शोधायला निघाले. खेचरानं त्यांना गिरणीवर नेलं, कारण तिथं ओट असतो.

११ जून

एल्स्पेटकडे अंडी द्यायला गेले. तिनं कोंबड्यांच्या खुराड्याला नवं दार केलंय. अक्रोडाचं! म्हटलं, चैन आहे कोंबड्यांची. ती म्हणाली, "फळी पडून होती." चीजवर ठेवायचं दडपणही नवंकोरं. एल्स्पेट पहिल्यापासून काटकसरी. तिच्याकडे काही वाया जात नाही. मला मात्र साध्या शेल्फला फळी मिळत नव्हती. ती साहेबांनी परवा ठोकून दिली. तिरकी आहे. मी सरळ केली नाही.

१५ जून

उद्या प्रभुभोजन. आज चर्चमध्ये पंचांनी शिशाचे बिल्ले वाटले. बिल्ला नाही त्याला प्रभूच्या पंगतीत जागा नाही, आणि ज्याच्या वागण्याला बट्टा लागला त्याला बिल्ला नाही. रांगेत माझ्या पुढची बाई एक पाऊल जरा जास्तच पुढे सरकून उभी होती. मागची मागे.

मर्डोनं माझ्या तळहातावर बिल्ला ठेवला. हात लगेच काढून घेतला नाही. हळूच म्हणाला, "प्रभूच्या पंगतीला तू चालशील, वहिनी. शेतातल्या पंगतीचं माझ्या एकट्याच्या हाती नाही."

बिल्ला गार असतो दरवर्षी. आज घरी येईपर्यंत मुठीत गरम झाला होता.

१९ जून

काल दिवस मावळताना काजळवाले आले. तोंडाला काजळ फासून, खांद्यावर बंदुका घेऊन. साहेब जिल्ह्याच्या गावी गेले होते. खोटं कशाला लिहू, मी घाबरले. गेल्या महिन्यात यांनीच नदीकाठी एका करवाल्याच्या घराचं छप्पर उतरवलंय.

"कचेरी कुठंय?" पुढचा ओरडला.

"हे माझं घर आहे."

"पाटी कुठंय?"

पाटी सकाळीच लागली होती, तिसरी. मी वळून पाहिलं तर भिंतीवर नुसती चार भोकं! दुपारी तर होती. एल्स्पेट ताकासाठी विरजण मागायला आली, तेव्हा आम्ही दोघी तिच्याखालीच बोलत उभ्या होतो.

काजळवाल्यांत कुजबुज सुरू झाली. एक म्हणाला, "पाटी नाही म्हणजे कायद्यानं कचेरी नाही." दुसरा म्हणाला, "पण माणूस राहतोय ना आत?" पहिला म्हणाला, "माणूस राहण्याविरुद्ध आपला ठराव नाही. ठराव कचेरीविरुद्ध आहे." त्यावर बराच वेळ ऊहापोह झाला. मला उभं राहवेना, म्हणून मी ताक आणलं. ताक पिताना काजळ सुटायला लागलं. सगळे ओळखीचे निघाले, आणि सगळे एकदमच शरमले.

"मिशीला लागलंय," मी एकाला म्हटलं.

"आभारी आहे, काकू," तो म्हणाला, आणि मग जीभ चावली.

चोर कोण का असेना, काल त्यानं माझं छप्पर वाचवलं. योगायोगसुद्धा किती वेळेवर येतात!

२१ जून

एल्स्पेटच्या लेकीचं बाळ पाहून आले. गुटगुटीत आहे. पाळणा घरीच केलाय. तळाला खालून कसलासा सोनेरी रंग लागलेला दिसला. आजी होणं माणसाला उधळं करतं म्हणायचं.

२४ जून

साहेबांकडच्या फळ्या संपल्या. खोऱ्यात त्यांना कुणी फळी विकत नाही. दारात उभे राहून टोपी फिरवत होते. महिना संपत आला, पाटी नाही, आणि वरून ताकीद आलीय.

मी खोलीत गेले. अँड्र्यूच्या मागाची बसायची फळी काढली. मधोमध जिथं तो बसायचा तिथं ती किंचित खोलगट झालीय. म्हटलं, ही घ्या.

"ही नको," ते म्हणाले.

"बसणारं कुणी नाही आता."

त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. अक्षरं रंगवताना जीभ बाहेर नव्हती.

२६ जून

पाटी काल लागली. आज पहाटे मी दार उघडलं तर उंबऱ्यात ती फळी. अक्षरं खरवडून काढलेली, आणि सगळी फळी जवसाच्या तेलानं पुसलेली. खोलगट भागात तेल चांगलं मुरलं होतं, तिथं कुणीतरी जास्त वेळ चोळलं असणार.

असला कसला चोर? मी तिथंच बसून रडले. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

दुपारी एल्स्पेट आली. माझा हात धरून पायरीवर बसली. तिच्या नखांत सोनेरी चुरा होता. अजून पाळणाच रंगवतेय बिचारी, आणि तेवढ्यातून माझ्याकडे यायला वेळ काढला.

संध्याकाळी साहेबांनी फळी पाहिली. ओढ्यापलीकडे पाहिलं. मग ती मागावर पूर्वीसारखी बसवून दिली, आणि नव्या पाटीचं काही बोललेच नाहीत.

३० जून, रविवार

जून संपला. एकही भट्टी नोंदली गेली नाही. साहेबांनी वर कळवलंय की पाटी टिकवता आली नाही, सबब कचेरी उघडता आली नाही, सबब खोऱ्यातल्या कुणाचा कायद्यानं गुन्हा नाही. वाचून दाखवताना आवाज अगदी सरकारी होता. डोळे तसे नव्हते.

मला वाटलं, आता सगळं निवळेल. पण काल मंडळानं ठराव केला: जोवर सरकारी माणूस पॅटनच्या घरात आहे, तोवर मंडळाच्या कुणाही सभासदानं तिच्या सावडीला जाऊ नये.

साहेब म्हणाले, "पॅटनबाई, मी उद्या सकाळी निघतो. तुमचं शेत पहिलं."

"करार वर्षाचा आहे," मी म्हटलं.

"मी तुम्हाला त्यातून मोकळं करतो."

"पण मी तुम्हाला करत नाही." हे मी जरा जोरातच म्हणाले. करार म्हणजे करार. उद्या प्रत्येकजण ठरावाला भिऊन भाडेकरू काढायला लागला तर जग कसं चालेल? प्रश्न तत्त्वाचा आहे.

४ जुलै

स्वातंत्र्यदिन. मंडळाची पंगत नदीकाठी. फेडरलवाल्यांची पंगत माझ्या स्वयंपाकघरात, म्हणजे साहेब एकटे. त्यांनी प्रत्येक राज्याच्या नावानं पेला उचलला, ताकाचा. व्हर्मॉन्टला आम्हाला दोघांनाही हसू आवरेना. का, आठवत नाही. राय पिवळीधमक झालीय.

९ जुलै

आज कापणी. लिहायला बसलेय, पण बोटं वळत नाहीत.

कुणी येणार नाही हे माहीत असूनही काल दिवसभर रांधलं. ज्याचं शेत त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, ही रीत. कोणी आलं नाही म्हणून रीत मोडली असं व्हायला नको. हरणाचं मांस, मक्याच्या भाकरी, सफरचंदाच्या पाई. उजाडताना विळा घेऊन बांधावर गेले. एवढं मोठं शेत मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तेच शेत, पण आज एकटीनं पाहत होते.

साहेब आले, रेशमी जाकिटात, विळा उलटा धरून. दोघांनी सुरुवात केली. त्यांच्या पेंढ्या बांधताबांधताच सुटत होत्या. ऊन वर आलं. मागे वळून पाहिलं तर आमचं कापलेलं एका चादरीनं झाकलं असतं.

मग ओढ्याकडून गाणं ऐकू आलं.

पुढे एल्स्पेट, विळा खांद्यावर. तिच्या मागे खोऱ्यातल्या बायका. सगळ्या! चर्चच्या रांगेत एक पाऊल पुढे सरकलेली, तीसुद्धा. आणि त्यांच्या मागे, बरंच अंतर ठेवून, त्यांचे नवरे.

बायका शेतात शिरल्या. पुरुष कुंपणाशी अडले.

"एल्स्पेट!" मर्डो ओरडला. "ठराव झालाय!"

"वाचून दाखव."

त्याला तोंडपाठ होता. "मंडळाच्या कुणाही सभासदानं सावडीला जाऊ नये."

"यात बायका लिहिल्यात?"

"तसं... लिहिलेलं नाही, पण अर्थ निघतो..."

"अर्थ निघतो? मर्डो मॅकिल्व्हेन, लिहिलेलं नाही ते नाही, हे माझ्या घरात मी दोन वर्षं जेवणासोबत खातेय. आता तुझ्याच बँकेच्या वादानं तुला खाल्लं! चला गं, ओळ धरा."

हसण्यानं ओळच धरता येईना. पुरुष कुंपणावर ओळीनं बसले. तास दोन तास ठीक होतं. मग आम्ही पेंढ्यांच्या उडव्या रचायला घेतल्या, आणि त्या त्यांना बघवेनात. "अगं, वाऱ्याच्या अंगानं नको!" "ती पडणार!" "पडलीच!" साहेबांनी रचलेली तर त्यांच्याच अंगावर पडली. शेवटी मर्डो कुंपणावरून उतरला.

"सावडीला जाऊ नये असं ठरलंय," तो मोठ्यानं म्हणाला. "पण आपल्या बायकोला घरी आणायला जाऊ नये, असं ठरलेलं नाही." आणि शेतात शिरून त्यानं त्यातल्या त्यात वाईट उडवी पायानं पाडली आणि पुन्हा रचायला घेतली. बाकीचेही आपापल्या बायका आणायला आत आले. त्या त्यांना सूर्य बुडेपर्यंत सापडल्या नाहीत.

शेत कापून झालं. सगळं. पाई पुरल्या नाहीत.

१० जुलै

पाठ धरलीय. साहेबांच्या बोटाला विळा लागला, पट्टी बांधून दिली. पट्टी बांधायला एवढा वेळ लागत नाही, असं एल्स्पेट म्हणाली. ती अशीच काहीही बोलते आणि स्वतःच हसते.

१३ जुलै, शनिवार

आज मंडळाची सभा. ठरावात दुरुस्ती होणार हे कळल्यावर एल्स्पेट सगळ्या बायकांना घेऊन लोहारशाळेत गेली. मलाही ओढलं. ठरावाविरुद्ध मी काही बोलणार नव्हते. मी फक्त मागे उभी राहणार होते.

मर्डोनं दुरुस्ती वाचली: 'मंडळाच्या कुणाही सभासदानं किंवा त्याच्या घरातल्या बायकांनी सावडीला जाऊ नये.'

"एक विचारू का, अध्यक्ष?" एल्स्पेट म्हणाली. घरी ती त्याला अध्यक्ष म्हणत नाही. "ठराव आम्हाला लागू, मग आमचं मत घेतलंत?"

"बायकांचं मत नसतं सभेत."

"ज्याला मत नाही त्याच्यावर कर नाही, असं इंग्लंडच्या राजाला कोण म्हणालं होतं? त्यासाठी लढायला कोण गेलं होतं? तू आणि अँड्र्यू गेलात, आणि मागे मी आणि ग्रिझेलनं दोन्ही शेतं कापली. तेव्हा कुणी ठराव केला नव्हता."

ऐरणीमागून कुणीतरी खाकरलं. मर्डोनं हातातला ठराव पुन्हा वाचला, मनातल्या मनात. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "बाईचं बरोबर आहे. ठरावात बायकांचं नाव राहणार असेल तर त्यांचे हातही मोजावे लागतील. नाहीतर नाव काढा."

"नाव राहू दे," एल्स्पेट म्हणाली. "मोजा."

साहेब दाराबाहेर होते. त्यांना आत यायची बंदी. टोपी हातात घेऊन, न ऐकल्यासारखं करत उभे. आजच्या मतावर त्यांचं राहणं ठरणार होतं. मी मत दिलं ते करारासाठी आणि तत्त्वासाठी, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते. कुणी काही का म्हणेना.

"आधी सगळा ठरावच रद्द व्हावा असं ज्यांना वाटतं..." मर्डो म्हणाला.

माझा हात सगळ्यात आधी वर गेला. मलाच पत्ता नव्हता. मग एल्स्पेटचा, मग बाकीच्या बायकांचे, मग कुंपणावरून उतरलेल्यांतल्या बऱ्याच जणांचे. मर्डो मोजत होता, चुकत होता, पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. कापणीनं खांदा ठणकत होता. तरी हात खाली घ्यावासा वाटेना.